बोर्ड जुना, कार्ड नवं... स्लॉट आडवा येतो का?

गेल्या अंकात जुन्या पीसीत नवं ग्राफिक्स कार्ड घालण्याबद्दल मी सहज दोन ओळी लिहून गेलो आणि त्यावर एवढे प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यालाच द्यावं लागतंय. बऱ्याच जणांचं रडगाणं एकच, "दुकानदार म्हणतोय आधी बोर्ड बदला". म्हणून पहिलं उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

प्रश्न : दादा, माझ्याकडं बी४५० मदरबोर्ड आणि रायझन ५ ३६०० प्रोसेसर हाय, कॉलेजला असताना घेतलेलं. आता आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलंय, पैसे पण जमलेत. पण दुकानात सांगितलं की तुझ्या बोर्डचा स्लॉट जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीचा आणि कार्ड जेन ४, त्यामुळं कार्ड निम्म्या ताकदीनं चालणार, बोर्ड पण बदलून घे. एवढं बजेट नाही. खरंच निम्मं चालतं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : नाही भावा. निम्मा होतो तो कार्डापर्यंतचा रस्ता, कार्डाची ताकद आहे तेवढीच राहते, आणि त्या रस्त्याची गरज किती पडते हाच सगळा खेळ आहे.

हंगामात कारखान्याच्या रोडनं गेला असशीलच, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, टेपवर गाणी फुल्ल, आणि मागं आपण गाडीवर पाचट खात. आता विचार कर, कारखान्याचं गाळप कशावर चालतं? गव्हाणीत ऊस पडत राहिला पाहिजे, बस्स. यार्डात ऊस भरून उभा असला तर बाहेरचा रस्ता दोन पदरी काय नि चार पदरी काय, गव्हाणीला त्याचा पत्ता पण लागत नाही. पण यार्ड रिकामं झालं आणि गाड्या तिकडं फाट्यावर अडकल्या की मग 'नो केन', मिल थांबली. कार्डावरची चिप म्हणजे मिल, कार्डाची स्वतःची मेमरी म्हणजे व्हीरॅम हे यार्ड, आणि मदरबोर्डचा स्लॉट म्हणजे शिवारातून येणारा रस्ता.

आता आकडे. कार्ड बसतं त्या पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये लेन, म्हणजे डेटाचे पदर, असतात, एक्स१६ म्हणजे सोळा लेन, एक्स८ म्हणजे आठ. जेन ३ (हे २०१० चं स्टँडर्ड) मध्ये एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी डेटा जातो, जेन ४ (२०१७) मध्ये २, जेन ५ (२०१९) मध्ये ४. दर पिढीला डबल, हिशोब सोपा आहे. आणि इथं एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, ती म्हणजे ४०६० ला लेनच आठ दिल्यात. स्लॉट कितीही लांब असू दे, पट्टीवर कनेक्टर सोळाचा दिसत असला तरी आतून वायरिंग आठचंच. म्हणजे जेन ४ बोर्डवर त्याला सेकंदाला १६ जीबीच्या आसपास रस्ता मिळतो आणि तुझ्या बी४५० वर ८. निम्मं ते हे. दुकानदार खोटं बोलला नाही, अर्धं बोलला.

आता या ८ जीबीकडं जरा जवळून बघ. ६० एफपीएसला (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं) एक फ्रेम काढायला कार्डाला १६.६ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात तुझ्या स्लॉटमधून १३० एमबीच्या आसपास माल येऊ शकतो, जेन ४ असता तर २६० एमबी. आणि तेवढ्याच वेळात ४०६० स्वतःच्या व्हीरॅममधून किती माल उचलू शकतं? त्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला २७२ जीबी, म्हणजे एका फ्रेमला साडेचार जीबी! कुठं १३० एमबी नि कुठं साडेचार जीबी. म्हणूनच गेम लोड होताना टेक्स्चर, मॉडेल सगळं आधी यार्डात आणून टाकतात आणि खेळताना स्लॉटमधून फक्त हुकूम जातात, हे काढ, ते हलव, आणि थोडाफार नवा माल. तेवढ्याला १३० एमबी बक्कळ झालं. त्यामुळं व्हीरॅम पुरतोय तोवर जेन ३ वर तुझं नुकसान बहुतेक गेममध्ये दोन-चार टक्क्यांच्या घरात राहतं, ८० चे ७८ झाले तर तुझ्या डोळ्याला काय कळणाराय सांग.

गंडतं ते व्हीरॅम भरल्यावर. ४०६० ला ८ जीबी आहे आणि हल्लीचे मोठे गेम अल्ट्रा टेक्स्चरवर ठेवले की ते सहज ओलांडतात. मग उरलेला माल पीसीच्या रॅममध्ये राहतो आणि दर फ्रेमला स्लॉटमधून हेलपाटे सुरू होतात, आणि तिथं मात्र जेन ३ आणि जेन ४ चा फरक चांगलाच जाणवतो. तो पण सरासरी एफपीएसमध्ये नीट दिसत नाही, झटक्यात दिसतो, म्हणजे मजेत चाललंय आणि वळणावर कॅमेरा फिरवला की खाटकन अडकलं. असं झालं तर टेक्स्चरची सेटिंग एक पायरी खाली घे, बाकी सगळं हाय राहू दे. अल्ट्रा आणि हाय टेक्स्चरमधला फरक दाखवून दे म्हटलं तर मला अजून जमलेलं नाही.

बोर्ड बदलायचा पैसा वाचव. अगदीच हात शिवशिवत असतील तर त्याच बोर्डवर बायॉस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५७००एक्स३डी बसतो का ते कंपनीच्या साइटवर बघ, ३६०० च्या तुलनेत गेममध्ये त्याचा फायदा स्लॉटपेक्षा कितीतरी जास्त मिळेल. आणि हेही सांगतो, आरटीएक्स ४०९० सारखं दांडगं कार्ड जेन ३ एक्स१६ वर चालवून बघितलेल्यांना पण सरासरी दोन-तीन टक्केच फरक मिळालाय. तिथं लेन पुऱ्या सोळा आणि यार्ड २४ जीबीचं, म्हणून. रस्ता अरुंद असल्याचा त्रास मोठ्या कार्डापेक्षा बारक्या कार्डाला जास्त होतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण तसंच आहे.

प्रश्न : नवीन कार्ड बसवलं आणि जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये बघितलं तर बस इंटरफेसच्या पुढं 'एक्स१६ ४.० @ एक्स१६ १.१' असं दिसतंय. १.१ म्हणजे पार जुनं ना? मला डुप्लिकेट कार्ड दिलं का?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : अजिबात नाही, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. कार्ड रिकामं बसलेलं असलं की वीज वाचवायला लिंकचा वेग खाली येतो, तेच १.१ दिसतंय. त्याच ओळीच्या शेजारी एक बारीक प्रश्नचिन्हाचं बटण आहे, ते दाबा, छोटी रेंडर टेस्ट सुरू करा आणि मग आकडा बघा, ४.० वर जाईल (बोर्ड जेन ३ असला तर ३.० वर). बघायचा तो '@' नंतरचा भाग, आणि त्यातही लेनचा आकडा. वेग खालीवर होणं नॉर्मल आहे, पण कामात असताना पण एक्स१६ च्या जागी एक्स४ किंवा एक्स१ दिसलं तर मात्र काहीतरी घोळ आहे.

हे मी एवढं ठासून सांगतोय कारण हा घोळ मी स्वतः करून बसलोय. मावसभावाच्या पीसीत कार्ड घालताना वरच्या स्लॉटमध्ये कूलर आडवा येत होता, म्हटलं खालचा पण तेवढाच लांब आहे, तिथं हवा पण बरी लागेल, टाकला खाली. गेम चालायचे पण असे अडखळत की विचारू नका. ड्रायव्हर काढून घातले, विंडोज दोनदा मारलं, पॉवर सप्लायवर संशय घेतला, दोन रविवार गेले. शेवटी त्या पोरानंच बोर्डचं मॅन्युअल उघडून दाखवलं, खालचा स्लॉट दिसायला एक्स१६ पण चालतो जेन २ एक्स४ वर, आणि तो पण प्रोसेसरला थेट जोडलेला नाही, चिपसेट म्हणजे बोर्डवरच्या दुसऱ्या चिपमधून फिरून. म्हणजे सेकंदाला २ जीबी! वरच्या स्लॉटला १६. बी४५० च्या बऱ्याच बोर्डवर असंच आहे. वय वर्ष सतरा, माझ्याकडं बघून नुसता हसला. तेव्हापासून कार्ड वरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या स्लॉटमध्येच घालतो, कूलर बदलावा लागला तरी.

प्रश्न : मी मुद्दाम जेन ४ साठी बी५५० बोर्ड घेतला, प्रोसेसर रायझन ५ ५६००जी आहे. आता आरएक्स ६६०० लावलं तर जीपीयू-झेड मध्ये टेस्ट लावून पण ३.० च दाखवतंय. बायॉसमध्ये जेन ४ निवडलं तरी तेच. बोर्ड खराब?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : बोर्ड चांगला आहे, ५६००जी मध्येच जेन ४ नाही. ग्राफिक्सच्या स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून निघतात, बोर्ड फक्त त्या पोचवतो, आणि ५६००जी हा जेन ३ वाला आहे. त्याच्या नावाला 'जी' नसलेला ५६०० घेतला असता तर त्याच बोर्डवर ४.० दिसलं असतं. ६६०० पण आठ लेनचंच कार्ड, म्हणजे तुम्हाला सध्या ८ जीबीचा रस्ता मिळतोय, त्याची गत वर सांगितली तीच, काही बिघडत नाही. खरं तर ५६००जी ची एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १६ एमबी आणि ५६०० ची ३२, गेममध्ये तो फरक तुम्हाला स्लॉटपेक्षा जास्त चावेल.

याच रांगेत एक सावध करून ठेवतो. "आत्ता बिना कार्डाचं चालवू, पुढं कार्ड टाकू" म्हणून एएम५ (एएमडीचं सॉकेट) वर रायझन ५ ८५००जी घेणारे बरेच आहेत. त्यात ग्राफिक्सच्या स्लॉटला फक्त चार लेन मिळतात, ८६००जी ला आठ. चार लेन जेन ४ म्हणजे पुन्हा ८ जीबीच. आज चालेल, उद्या मोठं कार्ड घालताना आठवण येईल. इंटेलवाल्यांनी एवढंच लक्षात ठेवा की दहाव्या पिढीपर्यंत जेन ३, अकराव्यापासून जेन ४ किंवा त्यापुढचं, आणि एच५१० सारख्या बोर्डवर दोन्ही बसतात त्यामुळं बोर्डच्या खोक्यावर जेन ४ लिहिलंय म्हणून भुलू नका, आत प्रोसेसर कुठला ते बघा.

प्रश्न : आमचा लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे. एडिटिंगला आय५ २४००, एच६१ बोर्ड, १६ जीबी रॅम. नवीन कॅमेऱ्याचं फुटेज टाइमलाइनवर हलतच नाही. ओळखीचा एक जण आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी स्वस्तात देतोय. घेऊ का? सीझन तोंडावर आलाय.
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : नका घेऊ दादा, फुकट दिलं तरी तुमच्या कामाला येणार नाही. २०२२ मध्ये आलेल्या या कार्डाला लेन फक्त चार. जेन ४ वर ते ८ जीबीत कसंबसं भागवतं, पण तुमचा दुसऱ्या पिढीचा आय५ आहे जेन २ वाला, तिथं उरतात सेकंदाला २ जीबी, आणि व्हीरॅम ४. छोटं यार्ड आणि पाणंद रस्ता, दोन्ही एकदमच वाट्याला. मावसभावाच्या पीसीत मी चुकून जी अवस्था करून ठेवली होती ती तुम्ही पैसे देऊन विकत घेणार. त्यावर कडी म्हणजे या कार्डात व्हिडिओ एन्कोडर (व्हिडिओ दाबून फाइल बनवणारा भाग) नाहीच. एक्सपोर्टला त्याची काडीची मदत होणार नाही, सगळं त्या म्हाताऱ्या आय५ च्याच डोक्यावर.

तुमचं दुखणं वेगळंच आहे. नवीन कॅमेरे १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी नावाच्या घट्ट दाबलेल्या व्हिडिओ फॉरमॅटमध्ये रेकॉर्ड करतात, ते उलगडायलाच तुमच्या मशीनचा घाम निघतोय. गंमत म्हणजे हे काम बरीच महागडी कार्डं पण हार्डवेअरमध्ये करत नव्हती, एनव्हिडियानं ते आरटीएक्स ५० मालिकेत आणलं, आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या साध्या ऑनबोर्ड ग्राफिक्समध्ये ते आधीपासून आहे. म्हणून कार्डाचे पैसे बोर्ड-प्रोसेसरमध्ये घाला. एच६१० बोर्ड, आय३ १२१०० घ्या (शेवटी 'एफ' नसलेलाच घ्या, एफ वाल्यात ग्राफिक्स नसतं आणि मग सगळंच मुसळ केरात), एक एनव्हीएमई एसएसडी, आणि बायॉसमध्ये ऑनबोर्ड ग्राफिक्स चालू ठेवा. हळदीपासून वरातीपर्यंतची टाइमलाइन सरकायला लागेल. कार्ड पुढच्या सीझनच्या कमाईतून बघू, तोवर स्लॉट जेन ४ एक्स१६ चा तयारच असेल.

प्रश्न : दुसरी एसएसडी लावल्यावर ग्राफिक्स कार्ड एक्स१६ वरून एक्स८ वर आलं. काढू का एसएसडी?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : काही बोर्डवर एक एम.२ (एसएसडी बसवायचा) स्लॉट ग्राफिक्सच्याच लेन वाटून घेतो, मॅन्युअलमध्ये त्याची ओळ असते. दुसऱ्या एम.२ मध्ये जागा असेल तर तिकडं हलवा, नसेल तर राहू दे. जेन ४ एक्स८ म्हणजे जेन ३ एक्स१६ एवढंच.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगला आहे, पीसीवर एआय मॉडेल चालवते आणि थोडं ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर). जुनं आरटीएक्स ३०६० १२ जीबी आहेच, दुसरं एक ३०६० खालच्या स्लॉटमध्ये लावलं तर तो एक्स४ आहे. उपयोग होईल का?
– एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : ताई, तुझ्या कामाला होईल, गेमवाल्यांनी हे वाचून लगेच उड्या मारू नयेत. ब्लेंडरचं सायकल्स हे रेंडर इंजिन सीन एकदाच कार्डात भरतं आणि मग दोन मिनिटं, दहा मिनिटं तिथंच गणित करत बसतं, स्लॉट तोवर मोकळा. मॉडेलचं पण तसंच, १० जीबीचं मॉडेल एक्स४ जेन ३ मधून भरायला स्लॉटच्या हिशोबानं अडीच-तीन सेकंद, एक्स१६ मधून पाऊण सेकंद, आणि प्रत्यक्षात तुझी एसएसडीच त्याआधी दमते. एकदा भरलं की उत्तरं काढताना दोन कार्डांमध्ये मॉडेल थराथरानं वाटलेलं असेल तर इकडून तिकडं जाणारा डेटा बारीक असतो. स्वतः मॉडेल ट्रेन करणार असशील तर मात्र दोन कार्डांची सतत देवाणघेवाण लागते, तिथं एक्स४ नडेल. ब्लेंडरमध्ये एक लक्षात ठेव, दोन कार्डं लावली म्हणून मेमरी २४ जीबी होत नाही, सीन दोन्हीकडं आख्खा भरावा लागतो. आणि पॉवर सप्लाय बघून घे, एका ३०६० लाच १७० वॅट लागतात.

प्रश्न : आमचं उद्यमनगरात मशीन शॉप आहे, कॅडचा कॉम्प्युटर ऑफिसात आहे पण ऑफिस म्हणजे शॉपच्याच एका कोपऱ्यात काच लावून केलेलं. तीन वर्षं मस्त चालला, आता मोठी असेंब्ली फिरवली की अडकतो. पोरानं जीपीयू-झेड लावून बघितलं तर '@ एक्स१ ३.०' येतंय, टेस्ट चालू ठेवून पण. कार्ड गेलं का?
– एक वाचक, शिवाजी उद्यमनगर

उत्तर : काका, कार्ड पूर्ण गेलं असतं तर डिस्प्लेच आला नसता, बहुतेक धूळ गेलीय. स्लॉट आणि कार्ड चालू होताना एकमेकांशी बोलून घेतात की किती लेन धड आहेत, आणि एखाद-दुसऱ्या लेनचा स्पर्श नीट झाला नाही की खाली उतरून आठ, चार, पार एकवर येतात. तक्रार करत नाहीत, एरर देत नाहीत, गपगुमान एका लेनवर काम ओढतात. तुमच्याकडं तर लेथ आणि ग्राइंडरची धूळ, त्यात बारीक लोखंड आणि वर कूलंटचा ओशटपणा.

वायर काढा, पॉवर सप्लायचा स्विच बंद करा, बटण एकदा दाबून उरलासुरला करंट जाऊ द्या. कॅबिनेट आडवं ठेवा. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबूनच कार्ड उपसा, नाहीतर ती मोडते आणि मग कार्ड लोंबकळत राहतं. कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्ट्या बघा, काळपट झाल्या असतील. पोराच्या दप्तरातला पांढरा खोडरबर घ्या, दोन्ही बाजूंनी हलक्या हातानं एकाच दिशेला फिरवा, चुरा ब्रशनं झाडा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्याला लावून पुसा आणि वाळू द्या. थिनर वापरू नका, तुमच्या शॉपमध्ये तोच आधी हाताला येणार म्हणून सांगतोय. स्लॉटमध्ये ब्लोअर मारा पण शॉपच्या कॉम्प्रेसरची नळी नको, त्यातून पाणी आणि तेल येतं. कार्ड परत घालताना खिट्टीचा कट् आवाज आला पाहिजे, मागचा स्क्रू आवळा, आणि कार्ड जड असून पुढून लवत असेल तर खालून टेकू द्या, तुमच्याकडं नायलॉनचा रॉड पडलेलाच असेल, मापात कापून टर्निंग मारून घ्या.

पुन्हा टेस्ट लावा. तरी एक्स१ च आलं तर कार्ड दुसऱ्या पीसीत घालून बघा, तिथं एक्स१६ दाखवलं तर दोष तुमच्या स्लॉटचा किंवा प्रोसेसरच्या सॉकेटमधल्या पिनेचा. मग बोर्ड घेऊन दुरुस्तीवाल्याकडं जा, आणि जाताना "कार्ड एक्स१ वर अडकतंय" असं चिठ्ठीवर लिहून चिकटवा, नाहीतर तो डिस्प्ले आला म्हणून ओके करून परत देईल.